राजीनामा दिला, घेतला की काढला? डॉ. ना. भा. खरे यांचं पान लिहिताना

मागचे दोन भाग आपण नागपूरकर भोसल्यांच्या छत्तीसगडातल्या कारभारावर बोललो. आज अलीकडे येऊ या, १९३८ पर्यंत. विषय जरा वेगळा आहे. राजकारणातल्या माणसाचं चरित्र आपण आता फोनवरच्या ऑनलाइन ज्ञानकोशात वाचतो. ते खरं किती, आणि ते लिहिणारा निःपक्ष राहू शकतो का? मी स्वतः ते करायला गेलो आणि तोंडावर आपटलो, म्हणून हा भाग.

आमचं घर रायपूरच्या बुढापाऱ्यात. बुढा तलाव, तात्यापारा, सप्रे शाळा हा सगळा आमचा लहानपणचा इलाखा. पंडित रविशंकर शुक्लांचं घरही याच बुढापाऱ्यात. शुक्ल म्हणजे जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचे मुख्यमंत्री आणि १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला ते गेले. रायपूरचं विद्यापीठ त्यांच्या नावाचं आहे. हिंदी शेजाऱ्यांना त्या घराचा मोठा अभिमान, आणि तो रास्त आहे.

आमच्या घरात मात्र वेगळा सूर होता. आजोबा १९३८ साली नागपुरात कचेरीत कारकून होते, पुढे बदलून रायपूरला आले. माझं बोट धरून संध्याकाळी तलावाकडे निघाले की शुक्लांच्या घरावरून जाताना हमखास म्हणायचे, "बाळ, आपल्या खऱ्यांना यांनीच घालवलं." आपले खरे म्हणजे डॉ. नारायण भास्कर खरे. आठ-नऊ वर्षांच्या पोराला एवढं वाक्य पुरतं. मी ते छातीत घेऊन एन.डी.ए.त गेलो, पलटणीत गेलो, आणि निवृत्त होऊन त्याच गल्लीत परत आलो तरी ते तिथंच होतं.

निवृत्तीनंतर वेळ भरपूर. एका ऑनलाइन ज्ञानकोशात मी खरे यांच्याबद्दल एक वाक्य घातलं. कोशाचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. वाक्य असं होतं: शुक्ल आणि त्यांच्या महाकोशलच्या गटाने कट करून खरे यांची मुख्यमंत्रिपदावरून हकालपट्टी करवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर वाक्य गायब. काढणाऱ्याने एकच शब्द लिहिला होता, "संदर्भ?"

राग आला. पस्तीस वर्षं वर्दीत काढलेल्या माणसाला कोणी अनोळखी पोरगा पुरावा मागतो म्हणजे काय! चार दिवस मी त्या पोराला मनातल्या मनात कोर्टमार्शल केलं. मग लक्षात आलं की त्याने तेच विचारलं होतं जे मी प्रत्येक तरुण लेफ्टनंटला विचारत आलो. गस्तीवरून येऊन पोरगं सांगायचं, "सर, पलीकडे दोनशे माणसं आहेत." मी विचारायचो, तू मोजलीस का? की गुराख्याने सांगितलं? की धूर पाहून अंदाज बांधलास?

फौजेत बातमीला दोन गुण द्यायची एक जुनी पद्धत आहे. एक गुण बातमी देणाऱ्याला, ए पासून एफ पर्यंत. दुसरा गुण बातमीला, १ पासून ६ पर्यंत. ए-१ म्हणजे माणूस पूर्ण भरवशाचा आणि बातमीला दुसरीकडून दुजोरा. एफ-६ म्हणजे माणसाचाही भरवसा ठरवता येत नाही आणि बातमीचाही. यातली खुबी अशी की दोन्ही गुण वेगवेगळे. भरवशाचा माणूस चुकीची बातमी आणू शकतो आणि लबाड माणूस खरी.

माझे आजोबा माझ्यासाठी ए होते. पण जुलै १९३८ मध्ये वर्ध्याच्या बैठकीत ते नव्हते. त्यांनी जे सांगितलं ते नागपूरच्या कचेरीतल्या मधल्या सुट्टीत ऐकलेलं. कागदावर लिहायचं तर एफ-६. मला हे स्वतःशी कबूल करायला बरेच दिवस लागले.

मग मी वाचायला बसलो. आता घडलं काय ते सांगतो.

१९३७ च्या निवडणुकीनंतर मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, जुलै १९३७ मध्ये. मुख्यमंत्री नागपूरचे डॉ. खरे. तेव्हा या पदाला 'प्रीमियर' म्हणत. हा प्रांत म्हणजे दोन भाषांचा संसार. नागपूर आणि वऱ्हाड मराठी, महाकोशल हिंदी. आपलं रायपूर महाकोशलात. मंत्रिमंडळात महाकोशलचे तीन मंत्री होते: रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता. मराठी बाजूचे गोळे आणि देशमुख. पहिल्या वर्षातच दोन्ही बाजूंत बेबनाव झाला. मे १९३८ मध्ये पचमढीला सरदार पटेलांच्या देखरेखीखाली समेट झाला. तो टिकला नाही.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात खऱ्यांनी धाडसी चाल खेळली. त्यांनी स्वतः राजीनामा दिला आणि सगळ्या सहकाऱ्यांनाही द्यायला सांगितलं. हेतू हा की मंत्रिमंडळ मोडायचं आणि नको असलेले वगळून पुन्हा बांधायचं. गोळे आणि देशमुख तयार होते. शुक्ल, मिश्र आणि मेहता म्हणाले, काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डाचा हुकूम आल्याशिवाय आम्ही राजीनामा देणार नाही. तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी या तिघांना बडतर्फ केलं. १९३५ च्या कायद्याप्रमाणे मंत्री गव्हर्नरच्या मर्जीने पदावर असत, त्यामुळे कायद्याने हे बसत होतं. खऱ्यांनी लगेच नवं मंत्रिमंडळ बनवलं. त्यात अग्निभोज या दलित आमदाराला मंत्री केलं.

हे मंत्रिमंडळ जेमतेम दोन-तीन दिवस टिकलं. वर्ध्याला काँग्रेसची वरिष्ठ मंडळी जमली होती. अध्यक्ष सुभाषबाबू, शिवाय पटेल, आणि शेगावला म्हणजे सेवाग्रामला गांधीजी. खऱ्यांना बोलावलं गेलं आणि त्यांनी दुसऱ्यांदा राजीनामा दिला. कार्यकारिणीने ठराव करून खऱ्यांवर ठपका ठेवला. त्यानंतर वर्ध्यालाच काँग्रेसच्या आमदारांनी शुक्लांना नेता निवडलं आणि महिना संपायच्या आत शुक्लांचं मंत्रिमंडळ सत्तेवर आलं. सगळं मिळून दहा-बारा दिवसांचा मामला.

आता माझ्या वाक्यातल्या 'हकालपट्टी' या शब्दाकडे पाहा. खऱ्यांनी एका आठवड्यात दोनदा राजीनामा दिला. पहिला आपल्या डावाचा भाग म्हणून, दुसरा दबावाखाली. हकालपट्टी, म्हणजे सरकारी कागदावरची बडतर्फी, झाली ती शुक्ल, मिश्र आणि मेहता यांची! गव्हर्नरच्या सहीने. आजोबांच्या गोष्टीत हा भाग कधीच नव्हता.

पण उलट बाजूने कोणी लिहील की "खरे यांनी राजीनामा दिला" आणि पूर्णविराम देईल, तर तेही लबाडीचं. शब्द खरा आहे, पण त्यातून वाचणाऱ्याला वाटेल की गृहस्थ स्वखुशीने घरी गेले. वर्ध्याला त्यांच्यावर काय दडपण आलं असेल ते समजायला फार कल्पना लागत नाही. तेव्हा "दिला", "घेतला", "द्यायला लावला", "काढलं" या चार क्रियापदांत सगळं राजकारण भरलेलं आहे. कोशात पक्षपात शिरतो तो बहुतेक वेळा असा, क्रियापदातून. शिव्या कोणीही ओळखतो आणि काढतो. क्रियापद मात्र वर्षानुवर्षं बसून राहतं.

दोन्ही बाजूंची तक्रार ऐका, मजा आहे. खऱ्यांची बाजू अशी: मी प्रांताच्या विधिमंडळाला जबाबदार मुख्यमंत्री. माझे मंत्री कोण हे मी ठरवणार. वर्ध्याच्या चार माणसांनी मला हटवावं हे लोकशाहीत कुठं बसतं? दुसरी बाजू अशी: काँग्रेसच्या शिस्तीवर निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याने काँग्रेसच्याच मंत्र्यांना काढायला इंग्रज गव्हर्नरचा हात वापरला. ज्या सत्तेशी भांडायचं तिचीच मदत! गांधीजींनी 'हरिजन'मध्ये कार्यकारिणीची बाजू घेतली ती याच मुद्द्यावर.

माझं मत विचाराल तर दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पलटणीत अशी भांडणं पाहिली आहेत, जिथं दोघेही नियमाने बरोबर असतात आणि तरी कंपनीचा विचका होतो.

आता साक्षीदारांना गुण देऊ. खऱ्यांनी त्याच वर्षी आपली बाजू पुस्तिकेत छापली आणि १९५९ मध्ये इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं. माणूस प्रत्यक्ष खोलीत होता, पण तो स्वतः पक्षकार. द्वारकाप्रसाद मिश्र पुढे मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी १९७० च्या दशकात आठवणींचे खंड लिहिले. तेही त्या घटनेत होते, तेही पक्षकार, वर चाळीस वर्षांनी लिहिलेलं. रेजिनाल्ड कूपलंड या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने १९४० च्या दशकात भारतीय राजकारणावरच्या अहवालात हे प्रकरण घेतलं. त्याला त्यात काँग्रेस हायकमांडच्या हुकमतीचा पुरावा दिसला. प्राध्यापक चांगला, पण साम्राज्याच्या चष्म्यातून पाहणारा.

आणि चौथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केलं या विषयावरच्या १९४५ च्या पुस्तकात त्यांनी हे प्रकरण घेतलं, ते अग्निभोज यांच्यामुळे. खऱ्यांचं म्हणणं असं की दलित मंत्री घेतल्याबद्दल गांधीजींनी त्यांना बोल लावला. बाबासाहेबांनी ते म्हणणं उचलून धरलं. आता काय लिहायचं? "गांधीजींनी दलित मंत्र्याला विरोध केला", असं कोशाच्या तोंडून वदवता येत नाही. "खरे यांच्या म्हणण्यानुसार", आणि "आंबेडकरांनी ते उद्धृत केलं", एवढं लिहिता येतं. हे तीन-चार शब्द वाचकाला कंटाळवाणे वाटतात. पण ते काढले की ऐकीव गोष्टीची वस्तुस्थिती होते. आणि गंमत पाहा, ज्या अग्निभोज यांच्यावरून एवढं झालं, ते स्वतः काय म्हणाले हे या पुस्तकांत क्वचितच भेटतं. बाकी सगळे त्यांच्यावरून बोलतात.

असं पंधरा-वीस दिवस वाचून मी नवा मसुदा केला. यावेळी संदर्भासकट. खऱ्यांना न्याय मिळाला म्हणून मी खूश. आमच्या गल्लीत एक निवृत्त हिंदीचे प्राध्यापक आहेत, संध्याकाळी तलावावर भेटतात. त्यांना मसुदा दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "कर्नल साहब, आधा आदमी लिख रहे हैं आप."

मी म्हटलं, आधा कैसे?

ते म्हणाले, हे १९३८ ला थांबतात. माणूस थांबला होता का?

नव्हता थांबला. काँग्रेसमधून बाहेर पडल्यावर खरे १९४३ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर होते. म्हणजे 'छोडो भारत'च्या लोकांपैकी बरेच तुरुंगात असताना ते दिल्लीत सरकारात. मग १९४७ मध्ये अलवर संस्थानाचे दिवाण. फाळणीच्या त्या वर्षी अलवर आणि भरतपूरकडच्या मेवातात मेव मुसलमानांची प्रचंड कत्तल झाली, हजारो लोक गावं सोडून पळाले. त्या हिंसाचारात संस्थानी सत्तेचा हात होता असं अभ्यासकांनी लिहिलं आहे, आणि त्या सत्तेचे दिवाण खरे होते. गांधीहत्येनंतर १९४८ च्या फेब्रुवारीत त्यांना अलवरमधून हटवलं गेलं आणि चौकशी झाली. हत्येच्या बाबतीत त्यांच्याविरुद्ध काही सिद्ध झालं नाही. पुढे ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले आणि पहिल्या लोकसभेत ग्वाल्हेरहून पोटनिवडणुकीत निवडून गेले.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. व्हाइसरॉयच्या मंडळाचं माहीत होतं, महासभेचंही. अलवरचं पुस्तकात समोर आलं होतं आणि मी पान उलटलं होतं. खोटं लिहिलं नाही मी कुठेही. फक्त थांबलो, मला सोयीच्या जागी. आजोबांचे 'आपले खरे' जिथपर्यंत होते तिथपर्यंत.

प्राध्यापकांनी आणखी एक विचारलं. शुक्लजींच्या पानावर कोणी १९३८ चा भाग गाळला असता तर तुम्ही गप्प बसला असता का? मी त्या रात्री जेवलो नाही नीट. बायकोला वाटलं रक्तदाब.

तर अलवर लिहायचं, हे ठरलं. पण किती? इथं दुसरा पेच. नव्या मसुद्यात मी प्रायश्चित्त घेतल्यासारखं अलवरवर दोन मोठे परिच्छेद लिहिले, आणि पान असं झालं की डॉक्टर खरे म्हणजे फक्त अलवर. तेही खोटंच. माणसाचं सार्वजनिक आयुष्य चाळीस वर्षांचं. त्यात नागपूरची डॉक्टरी आली, मुख्यमंत्रिपद आलं, अलवरचे दहाएक महिने आले. मग वजन कसं ठरवायचं? महिने मोजून नाही, हे नक्की. दहा महिन्यांत माणसं मेली असतील तर ते दहा महिने जड असतात. पण आज आपल्याला कशाचा राग येतो यावरही नाही. ज्यांनी कागद तपासून लिहिलं आहे त्यांनी त्या गोष्टीला जेवढी जागा दिली तेवढी, साधारण त्या प्रमाणात. या नियमाने मन भरत नाही, पण यापेक्षा चांगला मला सापडला नाही.

या वजनाच्या बाबतीत आमच्या गल्लीतलंच दुसरं उदाहरण देतो. सप्रे शाळा. माधवराव सप्रे, जन्म १८७१, दमोह जिल्ह्यातलं पथरिया. मराठी माणूस, पण हिंदी पत्रकारितेचा पाया घालणाऱ्यांत. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढलं, १९०७ मध्ये नागपुरातून 'हिंदी केसरी'. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाखाली अटक झाली. काही महिन्यांनी माफीनामा लिहून देऊन ते सुटले. थोरल्या भावाने टोकाचा दबाव आणला असं चरित्रकार सांगतात. पण माफी दिली हे खरं.

शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या भाषणात हा माफीनामा कधी येत नाही. आणि आजकाल असे लोक भेटतात ज्यांना सप्र्यांबद्दल फक्त तेवढंच माहीत असतं. खरं काय घडलं? सुटल्यावर सप्रे काही काळ सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, रामदासी वळणाने राहिले, मधुकरी मागून. त्या बोचणीतून बाहेर पडून त्यांनी 'दासबोध' हिंदीत आणला आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत आणलं, १९१६ मध्ये, मूळ मराठी निघाल्यावर वर्षभरात. १९२० साली जबलपूरहून निघालेल्या 'कर्मवीर'मागेही ते होते. १९२६ मध्ये रायपुरातच वारले. माफीनामा गाळला तर ती मधुकरी कळत नाही. फक्त माफीनामा ठेवला तर सप्रे कळत नाहीत. मला तर माफीनाम्यासकटचे सप्रे जास्त मोठे वाटतात, पण हे माझं मत झालं आणि कोशाच्या पानावर त्याला जागा नाही.

जिवंत पुढाऱ्यांची गोष्ट आणखी अवघड. तिथं नुसती इतिहासाची चूक होत नाही, माणसाची अब्रू जाते. २००५ मध्ये अमेरिकेत जॉन सीगनथॉलर नावाच्या वयस्क पत्रकाराच्या विकिपीडिया पानावर कोणीतरी लिहिलं की केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांच्यावर संशय होता. हे गृहस्थ रॉबर्ट केनेडींचे एकेकाळचे सहायक! ते खोटं वाक्य चार महिने तसंच राहिलं. लिहिणाऱ्याने नंतर कबूल केलं की थट्टा केली होती. त्यानंतर विकिपीडियाने हयात व्यक्तींसाठी कडक नियम केले. वादग्रस्त मजकुराला संदर्भ नसेल तर चर्चेची वाट न पाहता काढा, असा त्याचा मतलब. पुढच्याच वर्षी अमेरिकन संसद सदस्यांच्या कचेऱ्यांतून स्वतःच्या साहेबांची पानं धुऊन काढल्याचं उघड झालं. आपल्याकडे २०१५ मध्ये नेहरूंच्या पानावर त्यांच्या घराण्याबद्दल खोडसाळ मजकूर घातला गेला तेव्हा तो सरकारी नेटवर्कच्या पत्त्यावरून आला होता असं दिसलं. कोणी बसून केलं ते कळलं नाही. कुठल्याही कचेरीत एक रिकामटेकडा असतोच.

पण यात एक गोष्ट छापील कोशात नव्हती. कोणी कधी काय बदललं याची नोंद राहते. मला हे युद्धदैनंदिनीसारखं वाटतं. पलटणीचा छापील इतिहास सगळा गौरवाचा असतो. रोजच्या डायरीत मात्र कोणत्या वेळी कोण चुकीच्या टेकडीवर चढला तेही असतं. ऑनलाइन पान वाचताना मी आता आधी तो बदलांचा इतिहास उघडतो. एखादं पान निवडणुकीच्या तोंडावर एकाएकी गोडगोड झालं असेल तर तिथं दिसतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आल्यावर छत्रपती संभाजी महाराजांच्या विकिपीडिया पानावरून महाराष्ट्रात वादळ उठलं. महाराष्ट्र सायबरने मजकूर काढायला नोटीस पाठवली, संपादकांवर गुन्हा दाखल झाला. मी फौजी माणूस, संभाजीराजांबद्दल मला काय वाटतं ते सांगायची गरज नाही. पण मला त्या दिवसांत वा. सी. बेंद्रे आठवत होते. बखरींनी आणि नाटकांनी संभाजीराजांची जी प्रतिमा केली होती ती कोणी बदलली? बेंद्र्यांनी सुमारे चाळीस वर्षं कागद गोळा केले आणि १९६० मध्ये चरित्र छापलं. डॉ. कमल गोखल्यांनी त्यापाठोपाठ १९७१ मध्ये 'शिवपुत्र संभाजी' दिलं. ज्यांना ते पान चुकीचं वाटतं त्यांनी या दोघांचे पृष्ठक्रमांक देऊन तिथं भांडावं. पृष्ठक्रमांक दिलेलं वाक्य काढणं फार अवघड असतं. मी अनुभवाने सांगतो, कारण माझं बिनपृष्ठाचं वाक्य एका रात्रीत उडालं होतं.

जाता जाता एक. मराठीला पहिला मोठा ज्ञानकोश देणारे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर आपल्या रायपूरचे. २ फेब्रुवारी १८८४ ला त्यांचा जन्म इथं झाला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकून आले, लिमिटेड कंपनी काढून भाग विकले आणि १९२० च्या दशकात तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश पुरा केला. मी रायपूरच्या चार मराठी घरांत विचारलं, तिघांना माहीत नव्हतं की ते इथले.

तर खऱ्यांच्या पानाचं काय झालं? शेवटी प्राध्यापक आणि मी दोघांनी मिळून १९३८ चा भाग लिहिला. तलावाच्या कट्ट्यावर, पाच संध्याकाळी. ते शुक्लांच्या बाजूने शब्द ओढायचे, मी खऱ्यांच्या. 'कट' गेला, 'गद्दारी' गेली. "गव्हर्नरच्या मदतीने" की "गव्हर्नरमार्फत" यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. जे उरलं ते असं:

जुलै १९३८ मध्ये खरे यांनी मंत्रिमंडळाची पुनर्रचना करण्यासाठी राजीनामा दिला. राजीनामा देण्यास नकार देणाऱ्या शुक्ल, मिश्र व मेहता या मंत्र्यांना गव्हर्नरने बडतर्फ केले. खरे यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले, परंतु काँग्रेसच्या वरिष्ठ नेतृत्वाने ते अमान्य केल्यावर त्यांनी काही दिवसांतच पुन्हा राजीनामा दिला आणि शुक्ल मुख्यमंत्री झाले. खरे यांनी ही कारवाई अन्याय्य ठरवली. काँग्रेस कार्यकारिणीने ती पक्षशिस्तीसाठी आवश्यक मानली.

अलवरवर त्याखाली पाच ओळी, संदर्भासकट. त्या मी लिहिल्या. प्राध्यापक म्हणाले, हे तुम्हीच लिहा.

वाचायला रुक्ष आहे. आजोबांना आवडलं नसतं. गेल्या आठवड्यात पाहिलं तर कोणीतरी 'अमान्य' काढून 'नामंजूर' केलं आहे. चालेल. 'अन्याय्य'ला मात्र कोणी 'तथाकथित' जोडलं होतं. ते प्राध्यापकांनी माझ्याआधी पाहिलं आणि काढलं.

पुढच्या भागात वामनराव लाखे. इंग्रजांची रायसाहेबी परत करणारे आपले रायपूरकर, ज्यांना १९३० च्या सत्याग्रहात लोक पाच पांडवांतला युधिष्ठिर म्हणत. भेटू. नमस्कार.